दादा नेमका कधी गेला

पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि व्याख्यात्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण ते त्यांच्या प्रवासाच्या बॅगेत, बाहेरच्या कप्प्यात, घशाच्या गोळ्या आणि जादाचा चष्मा यांच्यामध्ये अगदी व्यवस्थित होतं. व्याख्यात्यांबरोबर ते चाळीसेक गावं फिरून आलं होतं. गोळी काढायला कप्प्यात हात घातला की बोटांना आधी पत्र लागायचं, त्यामुळे अलीकडे व्याख्याते घसा तसाच खाकरून वेळ मारून नेत.

पत्र थोरल्या भावाचं होतं. भाऊ वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानाच्या पावतीपुस्तकातली एक कोरी पावती फाडून तिच्या मागच्या बाजूला त्याने लिहिलं होतं, म्हणजे फार मावणारही नव्हतं.

"चि. धाकट्यास आशीर्वाद. आमच्या गल्लीतले धान्याचे व्यापारी परगावी गेले असता त्यांनी तुझं भाषण ऐकलं. चांगलं झालं म्हणाले. मी वारल्याचं त्यांना भाषणातून कळलं. त्याच आठवड्यात पाय मुरगळल्यामुळे माझं दुकान बंद होतं, म्हणून लोकांना ते पटलं. दोन दुकानदारांनी आपले काटे दुसरीकडे दुरुस्तीला दिले. एक जण तुझ्या वहिनीला भेटायला आला, तेव्हा मी दारातच बसलो होतो. त्याने चहा घेतला. वारण्याबद्दल माझी तक्रार नाही, वय झालं आहे. पण मी कोणत्या तारखेला गेलो ते कळव, म्हणजे विचारणाऱ्याला सांगता येईल. वहिनीचा काही निरोप नाही. दादा."

शेवटून दुसरं वाक्य व्याख्यात्यांना सगळ्यात जास्त लागलं. वहिनींचा निरोप नाही, असं आजवर एकाही पत्रात झालं नव्हतं.

व्याख्याते काही जन्माने बोलके नव्हते. त्यांची सारी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली होती, आणि तिथली 'शांतता राखा' ही पाटी आपल्या सोयीसाठीच लावली आहे असं त्यांना वाटत आलं होतं. एके वर्षी कॉलेजच्या समारंभाला ठरलेला पाहुणा आलाच नाही. प्राचार्यांनी चौफेर नजर फिरवली, तेव्हा ज्याला नाही म्हणता येत नाही असा एकच माणूस त्यांना दिसला. व्याख्याते वीस मिनिटं बोलले. घाबरत बोलले आणि घाबरण्याविषयीच बोलले, कारण त्या घटकेला त्यांच्याजवळ दुसरा विषय नव्हता. लोकांना ते आवडलं. तेव्हापासून सोळा वर्षं ते तेच बोलत आले होते. व्याख्यानाला 'बोलण्याची भीती आणि आपण' असं नाव मिळालं होतं, आणि विमा एजंट, परिचारिका, बँकेचे कारकून, ज्येष्ठ नागरिक, झालंच तर तुरुंगाचे पहारेकरी, अशा सगळ्यांनी ते ऐकलं होतं. भीती मात्र व्याख्यात्यांची गेली नव्हती. अजूनही व्याख्यानाआधी त्यांना दहा मिनिटं हात धूत उभं राहावं लागे.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम बोलण्याचं वाटतं. खरं तर बोलणं तासाभराचं, बाकी सगळं वाट पाहण्याचं. स्टेशनवर न्यायला आलेला माणूस व्याख्यात्यांच्या खांद्यावरून पलीकडे, कुणीतरी जास्त उंच माणूस शोधत उभा असे. ओळख करून देणारा उत्साहाच्या भरात व्याख्यानातले दोन मुद्दे आधीच सांगून टाकी. माइक आधी बोलून गेलेल्या अध्यक्षांच्या तोंडाच्या उंचीवर असे, आणि तो खाली करताना असा काही कुरकुरे की पहिल्या रांगेतलं मूल रडू लागे. शेवटी स्मृतिचिन्ह म्हणून घड्याळ. घरात अठरा घड्याळं भिंतींवर होती, प्रत्येकावर एका संस्थेचं नाव आणि प्रत्येकात वेगळी वेळ. बायको त्यांतलं परिचारिका संघाचं खरं धरून चालायची.

आणि वही. एकाच गावात तोच किस्सा दोनदा सांगण्याची नामुष्की नको म्हणून व्याख्याते वही ठेवत. तारीख, श्रोते, कुठले किस्से सांगितले आणि परिणाम. परिणामाचे तीनच प्रकार त्यांनी पाडले होते : हशा, खाकरणं, शांतता. शांतता सगळ्यात वरची. ती मिळवून देणारा किस्सा त्यांच्याजवळ एकच होता, आणि वहीत तो 'दादा' या नावाने मांडलेला होता.

किस्सा असा. लहानपणी मी घुमा होतो. चार माणसांत तोंडातून शब्द फुटत नसे. माझा दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, वजनकाट्यांच्या दुकानात बसायचा. तो मला पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं करी, हातात वर्तमानपत्र देई आणि म्हणे, मोठ्याने वाच. माझे पाय लटपटत, आणि समोरच्या तबकडीवरची सुई लटपटे. दादा म्हणे, काटा थांबला की उतर. दर सोमवारी तो मला रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत फिरायला नेई आणि परत आलो की पुन्हा काट्यावर. एक दिवस काटा थांबला. इथे तीन सेकंद थांबायचं. मग : "दादा गेला, त्याला आता वर्ष झालं. पण आजही व्यासपीठावर उभा राहिलो की पायाखाली मला तोच काटा जाणवतो."

गेली नऊ वर्षं दादाला जाऊन एक वर्षच झालेलं होतं.

किस्सा आधीही होता, पण दादा त्यात धडधाकट होता. मग एका दुपारी पाणीपुरवठा विभागाच्या सभागृहात व्याख्यान होतं. सव्वा वाजला होता, शेजारच्या खोलीत जेवण मांडून तयार होतं, ताटांचे आवाज येत होते आणि दोनशे माणसं ताटांच्याच दिशेने तोंडं करून बसली होती. कुणी ऐकत नव्हतं. व्याख्याते घाबरले, आणि त्यांनी आपल्या तोंडून "दादा गेला" हे शब्द बाहेर पडताना ऐकले. ताटांचे आवाजसुद्धा थांबले. वाढपी दाराशी येऊन उभा राहिला. व्याख्यानानंतर एक अभियंता त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा होता.

परतीच्या बसमध्ये व्याख्यात्यांनी पुन्हा असं करायचं नाही असं ठरवलं. पुढच्या गावी त्यांनी ते पुन्हा केलं. एका उन्हाळ्यात तर दादाकडे आठवडाभर राहून, वहिनींच्या हातचं जेवून, निघताना त्यांनी दिलेला डबा मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसले, वाटेतल्या गावी उतरले, दादाला मारलं आणि डबा संपवला. दादाचं खरोखरचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र त्यांची जीभ अडली. तीन महिने त्यांनी तो किस्सा सांगितला नाही. वहीत त्या तीन महिन्यांत ओळीने खाकरणं आहे.

आता अशा पत्राला उत्तर काय लिहायचं. व्याख्यात्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. विश्रामगृहांच्या टेबलांवर बसून त्यांनी निदान सतरा उत्तरं लिहायला घेतली. पण हातालाही जिभेची सवय लागली होती. पहिल्याच वाक्यात श्रोत्यांना जवळ घेतल्यासारखं काहीतरी यायचं, मग तीन मुद्दे, आणि शेवटाला असं एक वाक्य की त्यावर टाळ्या पडाव्यात. व्याख्याते ते वाचून स्वतःच ओशाळत आणि कागद फाडत. एकदा हिय्या करून फोन लावला. फोन वहिनींनी घेतला.

"वहिनी, मी बोलतोय. दादा आहे का?"

"ते वारले," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर कार्यक्रमांच्या तारखा ठरवणाऱ्या बायकोने एका सकाळी डायरी त्यांच्यापुढे ठेवली. चौदा तारखेच्या रकान्यात दादाच्या गावाचं नाव होतं. व्यापारी मंडळ, संध्याकाळी पाच.

"ही तू कशी घेतलीस?"

"तारीख रिकामी होती."

"गाव नाही पाहिलंस?"

"पाहिलं. अहो, तुमच्या बॅगेतलं ते पत्र बघून बघून मलाही आता कंटाळा आलाय. दोनदा तुमच्या शर्टाबरोबर धुवायला निघालं होतं."

"मी त्यांना नाही म्हणून कळवतो."

"कळवा की," बायको म्हणाली. आयुष्यभराच्या अनुभवावरून तिने डायरी मिटली.

व्याख्याते चौदा तारखेला गेले. बसमध्ये त्यांनी किस्स्याचे चार नवे शेवट तयार केले. पहिल्यात दादा आजारी होता. दुसऱ्यात परदेशी. तिसऱ्यात नुसताच 'आज माझ्यापासून दूर' होता. चौथ्यात तो जिवंत होता, समोर बसला होता आणि त्याला काही झालेलं नव्हतं. हा सगळ्यात खरा होता, आणि त्याचा परिणाम खाकरणं होणार हे त्यांना बसमध्येच दिसत होतं. किस्सा सोडूनच द्यावा तर व्याख्यानात राहतं काय, तर प्रस्तावना आणि आभार.

उतरल्यावर मंडळाचे कार्यवाह त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत उभे होते. लोखंडी सामानाचं दुकान, चेहराही तसाच. ओळख पटल्यावर त्यांनी बॅग घेतली.

"प्रवास बरा झाला ना, सर? थेट सभागृहातच जाऊ. पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष आहेत, बँकेचे मॅनेजर आहेत आणि तुमचे दिवंगत बंधू आहेत."

व्याख्याते चालायचे थांबले.

"तो येणार आहे?"

"म्हणजे काय, तुमचं नाव त्यांनीच सुचवलं. मी म्हटलं, घरचाच माणूस आहे तर नुसतं बोलावून घ्या, मंडळ कशाला मध्ये? तर म्हणाले, पत्राला उत्तर देत नाही, पण व्याख्यानाला नाही म्हणत नाही." कार्यवाहांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "तो काट्याचा किस्सा मात्र हवाच हं, सर. सगळे काटेवाले धंदे आहेत आमच्यात. आणि कार्यक्रम लक्षात राहावा म्हणून स्टेजवर काटाच ठेवलाय. तुमच्या बंधूंनी आणून दिला. तोच आहे म्हणाले."

तोच होता. हिरवा रंग नवा होता, पण तबकडीच्या काचेला डावीकडे गेलेला तडा व्याख्यात्यांनी लांबून ओळखला. तो पाडला तेव्हा ते सहावीत होते. त्या दिवशी त्यांनी दहाऐवजी वीस मिनिटं हात धुतले.

सभागृह भरलं होतं. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटोला बसतात तसा बसला होता. शेजारी वहिनी. त्या छतावरच्या पंख्याकडे पाहत होत्या आणि पुढचा तासभर त्यांनी पंखा सोडला नाही.

ओळख करून देणाऱ्याने दोन मुद्दे सांगून टाकले. माइक कुरकुरला. व्याख्याते बोलू लागले. पहिली चाळीस मिनिटं नेहमीसारखी गेली. कुत्र्याच्या किस्स्याला हशा, परिचारिकेच्या किस्स्याला थोडा जास्त. मग कार्यवाहांनी विंगेतून काट्याकडे बोट दाखवलं. व्याख्याते काट्यावर चढले. सुई त्रेसष्टच्या आसपास गेली आणि लटपटू लागली. मागच्या रांगेतल्यांनाही ती दिसत होती.

लहानपणी मी घुमा होतो, असं त्यांनी सुरू केलं. वर्तमानपत्र आलं, सोमवारची फेरी आली, मालधक्का आला. काटा थांबला की उतर. एक दिवस काटा थांबला. आणि इथे ते तीन सेकंद थांबले. आपण थांबतो आहोत हे त्यांना थांबल्यावर कळलं. नऊ वर्षांची सवय होती, अंग आपलं आपणच थांबलं. चारही नवे शेवट डोक्यात एकदम दाराशी आले आणि दारातच अडकले. मग तोंडाने, व्याख्यात्यांना न विचारता, आपलं काम केलं.

"दादा गेला, त्याला आता वर्ष झालं."

सभागृहात शांतता पसरली. वहीतल्या कुठल्याही शांततेहून ती मोठी होती. मग सगळ्या माना सावकाश पहिल्या रांगेकडे वळल्या.

दादा हलला नाही. "तारीख?" त्याने विचारलं.

"वहीत आहे," व्याख्याते म्हणाले.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगांमधून पुढे आलं. व्याख्याते काट्यावर तसेच उभे होते, आणि सुई आता साठ ते सहासष्ट अशा येरझाऱ्या घालत होती. दहाव्या वर्षी होत होतं तसंच झालं होतं. त्यांनी एक पाय खाली टाकायला उचलला.

"काटा थांबल्याशिवाय उतरू नको," दादा म्हणाला.

लोकांना हे सगळं बसवलेलं वाटलं. टाळ्या पडल्या. कार्यवाहांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते माइक घेऊन खाली गेले आणि दादाच्या हातात देऊन आले. दादाने माइक उलटसुलट करून पाहिला, एक सैल स्क्रू नखाने घट्ट केला आणि मग तोंडाशी धरला. तो आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलत होता.

"भाषण चांगलं आहे," तो म्हणाला. "पण थोडी दुरुस्ती आहे. मोठा काटा दुरुस्त केला की तो बरोबर दाखवतो का ते बघायला ठाऊक असलेलं वजन लागतं. आमच्याकडे तेव्हा पाच किलोच्या वरची वजनं नव्हती. घ्यायला परवडत नव्हती. हा होता. दर सोमवारी याला मालधक्क्यावर न्यायचो, तिथल्या सरकारी काट्यावर तोलायचो आणि परत आणून आमच्या काट्यावर ठेवायचो. एकतीस किलो भरायचा."

हशा थांबेपर्यंत दादा थांबला. कुणी शिकवलेलं नसताना तो बरोबर तेवढंच थांबला, हे व्याख्यात्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

"वाटेत काही खायला मागायचा. देत नव्हतो. वजन बदलायचं. आणि काट्यावर नुसता चुळबुळ करायचा, म्हणून हातात पेपर द्यायचो. वाचायला लागला की जरा गप उभा राहायचा." त्याने विचार केला. "भीतीचं मला काही माहीत नाही. आणि मी वारलेलो नाही. ज्यांनी काटे दुसरीकडे टाकलेत त्यांनी परत आणावेत. गुरुवारी सुट्टी असते."

त्याने माइक परत दिला. टाळ्या किती वेळ चालल्या हे व्याख्यात्यांनी मोजलं नाही, पण सोळा वर्षांत एवढ्या पडल्या नव्हत्या. टाळ्या संपता संपता त्यांनी खाली पाहिलं. सुई थांबली होती. ते उतरले.

सभा संपल्यावर शेजारच्या गावच्या मंडळाचे एक जण दोघांना गाठून म्हणाले, "जोडीने याल का आमच्याकडे? असा दोघांचा कार्यक्रम कुणी करत नाही."

"दुकान बंद ठेवता येत नाही," दादा म्हणाला. "मागे आठवडाभर ठेवलं तर वारलो."

मुक्काम दादाकडेच होता. वहिनींनी चहाचे दोन कप आणले, एक दादाला आणि एक बॅग पोचवायला आलेल्या कार्यवाहांना. कार्यवाहांनी तिसऱ्या कपाची थोडी वाट पाहिली, मग खाली बघून आपला संपवला आणि निघून गेले. व्याख्याते खुर्चीच्या कडेला बसले होते.

"दादा," त्यांनी सुरुवात केली, "आयुष्यात काही क्षण असे येतात की माणूस..."

"तोंडी नको," दादा म्हणाला. "तोंडी तू काहीही बोलतोस. पत्र पाठवलं होतं, पत्राने उत्तर दे."

"वहिनी, तुम्ही तरी..."

"भावोजी, मी विधवा बाई," वहिनी म्हणाल्या. "मला यातलं काय कळतं."

त्या पंख्याकडे पाहत नव्हत्या, त्यातल्या त्यात हे बरं. व्याख्यात्यांनी झोपण्याआधी वही काढून त्या दिवसाची नोंद केली. किस्सा : दादा. त्यापुढे कंसात त्यांनी 'जिवंत' असं लिहिलं. परिणाम : हशा. मग वही पहिल्या पानापासून चाळत त्यांनी दादाच्या नावापुढच्या सगळ्या नोंदी मोजल्या. मोजताना दोनदा चुकले.

सकाळी ते दादाबरोबर दुकानात गेले. काटा सभागृहातून परत येऊन जागच्या जागी बसला होता. दादा एका लहान तराजूची पारडी घासत होता. व्याख्यात्यांनी गल्ल्याच्या टेबलावर कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं. ते चांगलं होतं, म्हणून त्यांनी कागद फाडला. दादाने पारड्यावरून नजर न काढता कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला.

"दादा, एक विचारू? मोठी वजनं कधी आली आपल्याकडे?"

"वीस किलोची? तू दहा वर्षांचा होतास."

व्याख्यात्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "पण मी बारा वर्षांचा होईपर्यंत तू मला काट्यावर उभं करत होतास. काचेला तडा तर मी सहावीत पाडला."

"हो."

"वजनं आली होती तरी?"

दादाने पारडं उजेडाकडे धरून पाहिलं. "माझे हात ग्रीसचे," तो म्हणाला. "पेपर कोण धरणार?" आणि थोड्या वेळाने, पारडं पुन्हा घासता घासता, "वाचायचास बरं तू."

सोळा वर्षांत पाचशेहून जास्त व्याख्यानांनंतर लोकांनी व्याख्यात्यांना बरंच काही म्हटलं होतं, त्यातलं कुठलंच त्यांना खरं वाटलं नव्हतं. त्यांनी नवा कागद घेतला आणि मुद्दे न पाडता लिहून टाकलं.

"ती. दादास नमस्कार. तू नऊ वर्षांपूर्वी बारा मार्चला गेलास, दुपारी सव्वा वाजता, पाणीपुरवठा विभागाच्या सभागृहात. तुला काहीही झालेलं नव्हतं. जेवणाची वेळ होती, लोक ऐकत नव्हते आणि मी घाबरलो. तू गेल्यावर ते ऐकू लागले. त्यानंतर तू आणखी तीनशे पाच वेळा गेलास. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन महिने गेला नाहीस. काल शेवटचा गेलास. चूक माझी आहे. त्या दोन दुकानदारांकडे आज मी स्वतः जातो आहे. उत्तराला उशीर झाला, कारण मला साधं लिहिता येत नव्हतं. वहिनींना नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर. धाकटा."

त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात भरली, दादाचा पत्ता लिहिला आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं. दादाने ते हातात घेतलं, पण उघडलं नाही. नुकतीच घासलेली पारडी तराजूला लावली, एका पारड्यात पाकीट ठेवलं, दुसऱ्यात चिमट्याने चिमुकली वजनं टाकली आणि खाली वाकून पाहिलं.

"सात ग्रॅम," तो म्हणाला. "एक तिकीट पुरेल. पेटी कोपऱ्यावर आहे, अकराला उघडतात."

"इथे समोरच बसलायस तर..."

"मी पोस्टानेच पाठवलं होतं."

दुकानाच्या दारात वहिनी येऊन उभ्या होत्या. हातात चहाची किटली आणि कप होते. कप तीन होते. व्याख्यात्यांनी हात पुढे केला तसा त्यांनी किटली मागे घेतली.

"आधी टाकून या," त्या म्हणाल्या. "गार होतोय, लवकर या."

व्याख्याते कोपऱ्यावर गेले. पेटीवरची वेळ त्यांनी दोनदा वाचली, तिकीट नीट चिकटलं आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पाकीट फटीतून आत सोडलं. मग पेटीवर हलकेच एक थाप मारली, ते तळाशी पडल्याची खात्री करून घ्यायला, आणि चहा गार व्हायच्या आत माघारी फिरले.